पिवळ्या पानांची नोटीस

ओहायोतल्या डब्लिन गावात श्रीरंग करंदीकरचा दबदबा दोन कारणांनी होता. एक तर वस्तीतल्या घरमालकांची जी संघटना असते, सगळे जिला एचओए म्हणतात, तिच्या बागा-हिरवळ कमिटीचा तो चेअरमन होता. कुणाचं गवत किती इंच वाढलंय हे त्याला चालत्या गाडीतून कळायचं. दुसरं कारण म्हणजे त्याच्या दारातले ट्यूलिप. मार्च संपताना बाकीच्यांच्या दारात नुसता चिखल असायचा, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात श्रीरंगच्या दारात लालभडक ट्यूलिप माना वर काढून उभे. लवकर फुलणारी जात, आणि वर पुन्हा दर वर्षी आपली आपण परत येणारी. लोक दर वर्षी नवे कंद पुरतात, आपण एकदाच पुरले, असं तो सांगायचा आणि सांगताना छातीवर हात ठेवायचा.

या विषयावर त्याचं भाषणही होतं. 'परतणारे ट्यूलिप: शास्त्र आणि संयम', स्लाइड बेचाळीस. मराठी मंडळात ते तीनदा झालं होतं. त्यातलं एकदा तर गणपतीत, आरती आणि जेवण यांच्या मधे, जेव्हा माणसाला कुठे पळूनही जाता येत नाही. मुद्दे तीनच होते. कंद आठ इंच खोल लावा. फुलं गेल्यावर पानं पूर्ण पिवळी पडून वाळेपर्यंत कापू नका, कारण त्या पानांवरच कंद पुढच्या वर्षासाठी पोसला जातो. आणि उन्हाळ्यात पाणी घालू नका, कंदाला कोरडं झोपू द्या. उरलेल्या एकोणचाळीस स्लाइडवर श्रीरंगचे फोटो होते.

आता खरं काय ते सांगून टाकलेलं बरं. त्याचे ट्यूलिप एकदाही परतले नव्हते.

सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा लावले ते फुलले, आणि फुललेले बघून त्याने त्याच महिन्यात भाषण ठोकलं. माहिती सगळी इंटरनेटवरची, आवाज मात्र अनुभवाचा. ऑक्टोबरात सहज खणून पाहिलं तर कंदांचा लगदा झाला होता. पण तोवर भाषण होऊन गेलं होतं, टाळ्याही पडल्या होत्या. आता सांगणार कुणाला? मग कानावर टोपी ओढून तो तासाभराच्या अंतरावरच्या एका नर्सरीत गेला, जिथे मराठी माणूस भेटायची शक्यता नव्हती, आणि नवे कंद घेऊन आला. तेव्हापासून दर ऑक्टोबरला हा कार्यक्रम ठरलेला. वर्क फ्रॉम होमचा दिवस, कॅमेरा बंद, कानात मीटिंग आणि हातात खुरपं.

कंद का कुजतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण ते त्याच्याच स्लाइडवर होतं. पण दर्शनी भागात पिवळी पानं दिसता कामा नयेत हा वस्तीचा नियमही त्यानेच लिहिला होता. मग चेअरमनच्याच दारात पिवळी पानं कशी चालतील? फूल गळलं की आठवड्याच्या आत तो पानं साफ कापून टाकायचा. राहिलेलं काम आई पुरं करायची. आई दर एप्रिलला मिरजेहून सहा महिन्यांसाठी यायची. आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात, ऊन छान येतं म्हणून, नेमकी त्याच वाफ्यात मेथी पेरायची, आणि सकाळ-संध्याकाळ पाइपने असं पाणी द्यायची की खालच्या कंदांना जलसमाधीच मिळावी. श्रीरंग कंपनीच्या व्हाइस प्रेसिडेंटसमोर न अडखळता बोलायचा. पण पन्नाशीला टेकला तरी, आई, इथे मेथी लावू नकोस, हे वाक्य काही त्याच्या तोंडून फुटत नव्हतं. त्यापेक्षा दर वर्षी नवे कंद पुरणं सोपं होतं.

समोरच्या घरात भावना राहायची. नागपूरची. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला, शिफ्ट दुपारी तीनची, त्यामुळे सकाळी घरीच असायची. तिच्याही दारात ट्यूलिप होते, श्रीरंगइतकेच लाल, फक्त जरा बुटके. ते कुणी बघायला जात नसे, कारण त्यावर भाषण नव्हतं. फुलं गेल्यावर तिच्या वाफ्यात पानं जूनपर्यंत तशीच लोळत पडायची, आधी पिवळी, मग तपकिरी, आणि श्रीरंगच्या डोळ्यांत ती काट्यासारखी सलायची. दर मे महिन्यात तो तिला एचओएची नोटीस पाठवायचा. नोटीस इंग्रजीत, पण खाली आपलेपणा म्हणून मराठीत एक ओळ: 'कृपया मनाला लावून घेऊ नये.' दर वर्षी तिचं दोन शब्दांचं उत्तर यायचं, 'नोंद घेतली', आणि पानं जागची हलायची नाहीत. ती मंडळात एकदाच आली होती, अगदी सुरुवातीला. नंतर दिसली नाही. शिफ्टमुळे जमत नसेल, अशी श्रीरंगने स्वतःची समजूत घातली होती.

तर गेल्या सप्टेंबरात श्रीरंग पिकलबॉल खेळताना एका सोप्या चेंडूसाठी नको तेवढा वाकला आणि तसाच राहिला. डॉक्टरांनी दोन महिने वाकायला, उचलायला, खणायला बंदी केली. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. गादीवर पडल्यापडल्या त्याने दीपाला, म्हणजे बायकोला, गळ घातली की या वर्षी तेवढे कंद तू लाव. दीपा फार्मसिस्ट होती आणि कुठलंही कडू औषध साखर न लावता, घोटभर पाण्याबरोबर देऊन मोकळी व्हायची.

"तुझ्या थापांसाठी मी खड्डे खणणार नाही," ती म्हणाली.

डिसेंबरात जमीन दगडासारखी गोठली, आणि विषय तिथेच मिटला.

मिटला असं त्याला वाटलं. फेब्रुवारीत मंडळाच्या सेक्रेटरीचा, मोनाचा फोन आला. पाडवा मार्चमध्ये होता, पण हॉल अकरा एप्रिलच्या शनिवारचा मिळाला होता, त्यामुळे मंडळाचा पाडवा अकरा एप्रिलला होता. सकाळी दहाला सगळे आधी श्रीरंगच्या घरी जमणार, ट्यूलिप बघणार, आणि तिथेच फुलांच्या साक्षीने त्याला शाल, श्रीफळ आणि 'उद्यानभूषण' असा किताब देणार, मग हॉलवर जेवण. पत्रिका छापून झाली होती. श्रीरंगने कशाला, कशाला, असं तीनदा म्हटलं, आणि तिन्ही वेळा मोनाला तो विनय वाटला.

मार्च संपत आला. समोर भावनाच्या वाफ्यात हिरवी टोकं वर आली, मग कळ्या. श्रीरंगच्या वाफ्यात गेल्या वर्षीची मेथीची चार वाळकी काटकं होती. तो रोज ऑफिसला जाताना गाडी थांबवून जमिनीकडे बघायचा. सहा वर्षं लोकांना संयम शिकवलेल्या माणसाची झोप उडाली. किताबाचं तर सोडाच, यापुढे मंडळात आपण तोंड कसं दाखवणार, हा एकच प्रश्न त्याला जेवताना, आंघोळ करताना, मीटिंगमध्ये छळत होता.

शेवटी वाट सुचली. ईस्टर नुकताच होऊन गेला होता. दहा तारखेच्या शुक्रवारी सकाळी त्याने एका सुपरमार्केटात जाऊन उरलेल्या ट्यूलिपच्या तीस कुंड्या उचलल्या. काचघरात वाढवून मुद्दाम ईस्टरला फुलवलेले, प्लास्टिकच्या कुंडीतले, चकचकीत कागदात गुंडाळलेले. घरी आणून, कण्हत कुंथत, कागद काढून, कुंड्यांसकट वाफ्यात पुरले. वरून माती सारखी केली. लांबून बघितलं तर सहा वर्षांचा संयम फुलून आल्यासारखं दिसत होतं. पाठीने मात्र संप पुकारला. रात्री दीपाने दिलेल्या दोन गोळ्या घेऊन तो आडवा झाला तो थेट सकाळी पावणेदहाला उठला, तेही बाहेरच्या गाड्यांच्या आवाजाने.

आई बुधवारीच आली होती. मिरजेची वेळ अजून अंगातून गेली नव्हती, त्यामुळे ती पहाटेच जागी झाली होती आणि उजाडताच बाहेर आली होती.

श्रीरंग झब्बा चढवत पोर्चवर आला तेव्हा अंगणात चाळीसेक माणसं उभी होती. नऊवाऱ्या, फेटे, वरून हिवाळी जाकिटं. मोनाच्या हातात शाल आणि नारळ. ट्यूलिप जागेवर होते, जरा दाटीवाटीने, पण होते. त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्याचं लक्ष पोर्चच्या कठड्याकडे गेलं. तिथे प्लास्टिकच्या तीस कुंड्या, स्वच्छ धुतलेल्या, उन्हात ओळीने पालथ्या घातल्या होत्या. प्रत्येकीवर सुपरमार्केटचं नारिंगी स्टिकर होतं: ईस्टर क्लिअरन्स.

मोनाने जवळच्या कुंडीचं स्टिकर वाचलं आणि ती हळूच फिरवून ठेवली. मग दुसरी फिरवली. तिसरीनंतर तिने नाद सोडला.

"श्रीरंग, अरे कुंड्यांसकट कशाला पुरलं होतंस?" आई सगळ्यांना ऐकू जाईल अशा कौतुकाने म्हणाली. "मुळांनी पसरावं कुठे? मी सगळे काढून नीट लावलेत. आणि हे डबे चांगले आहेत, टाकू नकोस. मेथीला होतील."

मराठी माणसं अशा वेळी फार सभ्य होतात. कुणी आभाळाकडे बघितलं, कुणी फोन काढून उगाच वेळ बघितली, एका काकूंनी नारळ कुठून आणला याची चौकशी केली. शेवटी कुणीतरी बिचकत विचारलंच, म्हणजे हे परतलेले नाहीत का? श्रीरंगने तोंड उघडलं. छातीवर हातही गेला. पण पायरीवर बसून बेगल खाणाऱ्या केयाने, म्हणजे त्याच्या चौदा वर्षांच्या मुलीने, त्याचं काम हलकं केलं.

"बाबा बाइज न्यू वन्स एव्हरी इयर," ती म्हणाली. "आय थॉट यू गाइज न्यू दॅट."

श्रीरंगला लाज वाटली. साधीसुधी नाही, कानाच्या पाळ्या तापवणारी लाज. पाठीचं दुखणंसुद्धा त्यापुढे कळेना. जमिनीने पोटात घ्यावं म्हणावं, तर त्या जमिनीनेही गेली सहा वर्षं त्याचं काही पोटात टिकू दिलं नव्हतं.

आईला यातलं काही कळलं नव्हतं, किंवा सगळंच कळलं असेल. परतणारे बघायचे असतील तर इकडे काय करताय, असं म्हणून तिने रस्त्यापलीकडे बोट केलं. भावनाचे दर वर्षी येतात, मी दर वर्षी बघते. आई आणि भावना रोज सकाळी एकत्र चहा प्यायच्या, हे त्या क्षणापर्यंत श्रीरंगला माहीत नव्हतं. सकाळी तो ऑफिसात असायचा, आणि आई दिवसभर काय करते हे विचारायचं त्याला कधी सुचलं नव्हतं.

चाळीस मानांनी वळून पाहिलं. भावना आपल्या पायरीवर कप घेऊन बसली होती आणि तिच्या पुढ्यात, यंदा कुणीही न पुरलेले, दाट, बुटके, लाल ट्यूलिप ऊन खात होते. मोना कार्यक्रम वाया जाऊ देणारी बाई नव्हती. शाल-श्रीफळ घेऊन ती रस्ता ओलांडायला लागली आणि तिच्या मागून सगळं मंडळ. श्रीरंगही गेला. न जाऊन सांगणार काय होता?

मोनाने भावनाला विचारलं, तुमचे कसे काय परततात?

"श्रीरंगजींचं भाषण ऐकलं होतं ना मी, सहा वर्षांपूर्वी," भावना म्हणाली. "त्यांनी सांगितलं तसंच केलं. आठ इंच खोल लावले. पाणी घालत नाही. पानं राहू देते. मे महिन्यात यांची नोटीस येते, मी नोंद घेतली म्हणून कळवते, आणि अजून महिनाभर राहू देते."

कुणीतरी फिसकन हसलं. बेचाळीस स्लाइडचं ते भाषण खरंच मनावर घेतलेली जगात एकच व्यक्ती होती, आणि तिला त्याने दर वर्षी नोटीस धाडली होती. मोनाने घाईने विषय बदलायला म्हणून विचारलं, मग नंतर मंडळात कधी दिसला नाहीत? भावनाने श्रीरंगकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच त्याला जड गेलं.

"त्या दिवशी भाषणानंतर चहाला यांनी माझं आडनाव विचारलं," ती म्हणाली. "मी सांगितलं. मग नागपुरात कुठे, ते विचारलं. तेही सांगितलं. मग म्हणाले, आम्ही तसलं काही मानत नाही हं. मी तर काही विचारलंच नव्हतं."

श्रीरंगला तो चहा आठवला. कागदी कप, हॉलचा कोपरा, आणि समोर नवीन आलेली, हातातल्या वहीत त्याचे तीन मुद्दे उतरवून घेतलेली बाई. आडनाव ऐकून तिला मनातल्या कुठल्या खणात ठेवायचं ते ठरलं होतं, आणि वर आपण किती मोठ्या मनाचे आहोत हे तिला ऐकवूनही झालं होतं. घरी येताना गाडीत तो त्या वाक्यावर खूशसुद्धा होता. मंडळातल्या बऱ्याच जणांनी आता बुटांकडे बघायला सुरुवात केली, कारण ते वाक्य त्या सगळ्यांच्याच वापरातलं होतं.

भावनाने शाल घेतली नाही. हात जोडून म्हणाली, मंगळवारी चौदा तारीख आहे, माझ्याकडे बाबासाहेबांची जयंती असते, खीर असते, फुलं तोवर टिकतील, सगळ्यांनी या. चाळीस फोन बाहेर निघाले. मंगळवार वर्किंग डे होता. कुणाच्या मुलाचा पियानो निघाला, कुणाचा टॅक्सवाला, कुणाला क्युपर्टिनोच्या ऑफिसाबरोबर सात वाजता कॉल. अकरा तारखेला पाडवा करायला हरकत नसलेल्या लोकांना चौदा तारीख मात्र फारच अडचणीची निघाली. शाल मोनाने शेवटी आईच्या खांद्यावर घातली, वयाने सगळ्यांत मोठी म्हणून. फोटो झाला. नारळाच्या वड्या करून मंगळवारी नेते, असं आईने तिथेच जाहीर केलं.

मंगळवारी सहा जण गेले. करंदीकर चौघे, मोना, आणि मोनाला संध्याकाळी गाडी चालवायला आवडत नाही म्हणून तिचा नवरा. बाकी घर भावनाच्या माणसांनी भरलेलं होतं, कोलंबसहून, क्लीव्हलंडहून आलेल्या. फोटोपुढे फुलदाणीत अंगणातले ट्यूलिप होते. केया कुणाच्या तरी मुलीबरोबर तासभर गप्पा मारत बसली. श्रीरंगने दोन वाट्या खीर खाल्ली. जे बोलायला आला होता ते दोन्ही वाट्यांच्या वेळी त्याच्या ओठांवर आलं, आणि दोन्ही वेळा खिरीबरोबर खाली गेलं. जन्मभर नको तिथे बोललेल्या माणसाची हवं तिथे वाचा बसते ती अशी.

मे आला. आईने तीस कुंड्यांत मेथी पेरली आणि त्या मागच्या डेकवर मांडल्या, त्यामुळे यंदा वाफा कोरडा राहिला. सुपरमार्केटचे ट्यूलिप गळून गेले. त्यांची पानं पिवळी पडायला लागली. श्रीरंगचे हात कात्रीसाठी शिवशिवायचे, पण त्याने पानांना हात लावला नाही. असले काचघरातले कंद बहुधा पुन्हा फुलत नाहीत, हे भावनाने त्याला सांगितलं होतं. तरी त्याने पानं ठेवली.

तिसऱ्या आठवड्यात त्याला ईमेल आली. एचओएच्या ऑफिसातून, त्याच्याच घराबद्दल. दर्शनी भागात पिवळी पानं, नियम क्रमांक चौदा, कृपया सात दिवसांत काढावीत. खाली सही चेअरमन श्रीरंग करंदीकर. ऑफिसातल्या माणसाने जुना मजकूर जसाच्या तसा उचलला होता, त्यामुळे सगळ्यांत खाली ती मराठी ओळही होती: 'कृपया मनाला लावून घेऊ नये.' श्रीरंगने ती ओळ दोनदा वाचली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती त्याने वाचणाऱ्याच्या बाजूने वाचली, आणि ती त्याच्या मनाला चांगलीच लागली.

फोन हातात धरून तो रस्ता ओलांडून गेला. भावना कामावर निघायच्या तयारीत, गाडीची किल्ली हातात घेऊन उभी होती. तिच्या वाफ्यातही पानं पिवळी पडून लोळत होती. त्याने तिला नोटीस दाखवली. तिने ती शेवटपर्यंत वाचली, खालच्या ओळीसकट, आणि ती पहिल्यांदा मोकळेपणाने हसली. मग हसणं ओसरलं. श्रीरंग तिथेच उभा राहिला. छातीवर हात न्यायची सवय त्याने महत्प्रयासाने आवरली.

"त्या दिवशी चहाला मी जे बोललो," तो म्हणाला, "ते चुकलं माझं. आडनाव विचारलं तेही, आणि वर जे म्हणालो तेही. नोटिसा तर आहेतच. मला माफ करा."

भावनाने गाडीचं दार उघडलं. पर्स आत ठेवली. मग त्याच्याकडे वळून बघितलं.

"नोंद घेतली," ती म्हणाली.

गाडी निघून गेली. इतकी वर्षं हे दोन शब्द त्याला येत होते. त्यांचा अर्थ काय होतो हे गावात त्याच्याइतकं नीट कुणाला ठाऊक असणार? कोपऱ्यावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो तिथे उभा राहिला, आणि मग घरी जाऊन त्याने आईला विचारलं, तुमचा सकाळचा चहा किती वाजता असतो.